शिक्का फाटलेला लिफाफा

मंगळवार, १८ नोव्हेंबर. कित्येक महिने या ब्लॉगवर फिरकलो नाही, माफ करा. आज आलोय तो एक चूक कबूल करायला.

शेजारच्या प्राचीला नर्स म्हणून कॅनडाला जायचंय. तिची पदवी तिकडची एक संस्था तपासणार आहे. त्यासाठी कॉलेज गुणपत्रकं बंद लिफाफ्यात घालून, चिकटवलेल्या जागेवर शिक्का मारून देतं. प्राचीला रजा नव्हती, म्हणून लिफाफा आणायला मी मुंबईला गेलो.

परत समुद्रमार्गे येताना लाँचमध्ये मी तो उघडला. ऑफिसातून कागद मिळाला की आधी तपासायचा, ही आयुष्यभराची सवय. चारही वर्षांची गुणपत्रकं होती. शिक्का मात्र मधोमध फाटला. तो कशासाठी असतो, हे मला कळायला हवं होतं.

नागावला पोचलो तो थेट प्राचीच्या घरी. प्राचीने लिफाफा उलटून फाटलेला शिक्का पाहिला. "काका, उघडलेला घेत नाहीत हो ते. आणि शुक्रवारी कुरिअर गेलंच पाहिजे."

तिची आई सुकट निवडत होती. "डिंक लावा नि द्या. तिकडं कोन बघतंय?"

मी नको म्हटलं.

"शिकलेला मानूस म्हनून तुमाला धाडलं व्हतं, भाऊ!"

फार थकलोय. डिंक नाकारला तो प्राचीचा अर्ज बाद होऊ नये म्हणून, की मला नीट झोप लागावी म्हणून? तुम्ही काय केलं असतं?

उद्या: पहिल्या लाँचने जाऊन कॉलेजातून दुसरा लिफाफा घेणे आणि तो न उघडता प्राचीच्या हातात देणे.