तांब्या ज्याच्या हातात

काकींनी मला वाचवलं, हे आधी सांगून टाकतो. काय झालं, कसं झालं ते पुढे येईलच. पण मला सांगताना धाप लागते, मी भलतीकडेच जातो आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून उपकाराचं आधी. वाचवलं ते पेणला गणपतीचा कारखाना चालवणाऱ्या, मिठागरवाल्यांच्या घरात जन्मलेल्या आणि नात्यानं माझ्या कुणीही न लागणाऱ्या काकींनी.

काकी आठवतात त्या उजवा हात वर केलेल्या. हाताला कोपरापर्यंत शाडू, वाळून भेगा पडलेला. दोन माणसं एकदम बोलायला लागली की तो पंजा वर जायचा आणि काकी म्हणायच्या, "त्याचं व्हऊ दे. मंग तुजं." झालं. दोघांपैकी एक गप्प बसायचाच. तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या हाताचं लोक का ऐकतात ते कुणालाच सांगता येत नाही. काकी तशा होत्या.

मी परभणीकडचा. शाळा सातवीत सुटली. रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर लागलो, कंत्राट संपलं, आणि गावी परत जायला तोंड राहिलं नाही. एका टेम्पोवाल्यानं मला काकींच्या दारात उतरवलं. काकींनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "हात कापतात काय रं तुजे?"

"भीती वाटली की कापतात."

"मंग आखणीवर नाय बसवत तुला." आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम. "शाडू तुडव. पायाला भीती नसते. जेवलास?"

जेवलो नव्हतो. अशी माझी नेमणूक झाली.

त्या कारखान्यात दुपारच्या जेवणाची एक पद्धत होती. आम्ही दहा-बारा जण गोल बसायचो. आखणीवाले अण्णा एका पक्षाचे, साचेवाला दुसऱ्या पक्षाचा, रंगवाल्या दोघी बहिणी, पण त्यांचंही एकमेकींशी जमायचं नाही. पूर्वी म्हणे जेवताना इतकं भांडण व्हायचं की एकदा सुकटीची वाटी उडून वाळत ठेवलेल्या मूर्तीच्या मांडीवर बसली. तेव्हापासून काकींनी पितळेचा तांब्या मधे आणला. तांब्या ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी जेवायचं.

"बोलणाऱ्याचा भात गार व्हतो, म्हणून तो लांबवत नाय," काकी समजावायच्या. "ऐकणाऱ्याचं त्वांड भरलेलं, म्हणून तो मधी बोलत नाय. मोठ्या सभांना पन अशी सोय पायजे."

तांब्या फिरत फिरत माझ्याकडे आला की मी पाणी प्यायचो आणि पुढे द्यायचो. रोज. बोलायला काही नव्हतं असं नाही, पण परक्या मुलखात उगाच कशाला, असं वाटायचं.

"घाटावरच्याला तहान फार," साचेवाला म्हणायचा.

"पिऊ दे," काकी म्हणायच्या. "एक दिस पोट भरंल पान्यानं, मंग बोलंल."

कारखान्याच्या मागे मैदान होतं. निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या सभा तिथेच. काकी झाडून सगळ्या सभांना जायच्या, शाडूच्या हातांनी, आणि शेवटच्या रांगेत बसायच्या. कुणाच्या बाजूच्या आहात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "मत मशीनमदी जातं. त्वांड माज्याकडंच ऱ्हातं."

एकदा एका सभेत विरोधी पोरांनी ओरडा सुरू केला. काकी उठल्या, पंजा वर. "त्याचं व्हऊ दे. मंग तुजं." पोरं वरमली. व्यासपीठावरच्या वक्त्याला भरून आलं. त्यानं माइकवरून माताभगिनींचे आभार मानले आणि जे भाषण सुरू केलं ते संपेचना. काकी पुन्हा उठल्या. पंजा आता व्यासपीठाकडे. "तुजं झालं रं. आता त्यांचं." लोक इतके हसले की वक्ता पाणी प्यायला बसला तो उठलाच नाही.

आता माझ्यावर आलेलं सांगतो.

काकींनी मला टेम्पोबरोबर मूर्ती पोचवायला धाडलं होतं. मागे बसून मूर्ती सांभाळायच्या. नागोठण्यापर्यंत मी देवाचं नाव घेत होतो, त्यापुढे देवच माझ्या मांडीवर उड्या मारत होता. खांब गावाच्या अलीकडे असा खड्डा आला की एका मूर्तीची सोंड तुटून माझ्या हातात आली. मी ती रुमालात बांधली. आता काम गेलं, पुन्हा रस्त्यावर.

काकींनी रुमाल सोडला. सोंड बघितली. "ही काय तुज्या हातानं तुटली?"

"खड्ड्यानं तुटली."

"मंग रडतोस कशाला? ज्यानं रस्ता करायचा त्याला विचार. उद्या सभा हाय त्याची."

"मी विचारू?"

"मंग काय सोंड विचारंल?"

रात्रभर मी मनातल्या मनात प्रश्न घोकला. सकाळी निघताना एकच विचार आला. चारचौघांत बोलायचं तर तांब्या पाहिजे. कुणाला विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की बाबा, ती रीत आपल्या कारखान्यातली, बाहेर चालत नाही. पण विचारायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. मी एका खिशात सोंड घातली, तांब्या काखेत मारला आणि सभेला गेलो.

सभा भरलेली. दुसऱ्या पक्षाची माणसंही आलेली, सदऱ्यांच्या आत काळी निशाणं खोचून. सदऱ्यांची पोटं फुगलेली होती, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत होतं. उमेदवार साहेब रंगात आले होते. हात पसरून म्हणाले, "ही लोकशाही आहे! कुणाला काही विचारायचं असेल तर निर्धास्त विचारा!"

हे वाक्य ते प्रत्येक सभेत म्हणत असणार. आजवर कुणी मनावर घेतलं नसणार. मी उभा राहिलो आणि रीतीप्रमाणे तांब्या उंच धरला.

उन्हात पितळ लखलखलं.

"ए! हातात काय हाय त्याच्या?"

"फेकतोय! फेकतोय!"

साहेब हारासकट टेबलाखाली. निशाणवाल्यांना वाटलं, आपल्यातल्याच कुणीतरी सुरुवात केली, मग आपण का मागे? निशाणं बाहेर आली, पाठोपाठ खुर्च्या. साहेबांची माणसं माझ्यामागे लागली. तेवढ्यात निशाणवाले माझं तोंड बघून ओरडले, "हा आपला नाय! बदनाम करायला आणलाय याला!" आणि तेही माझ्यामागे. त्या निवडणुकीत दोन्ही पक्षांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

मला हसू येतं आता. तेव्हा नाही आलं. एक खुर्ची शेंगदाणेवाल्या म्हाताऱ्याच्या कपाळाला लागली आणि त्याच्या पाटीत रक्त पडलं. ते बघून माझ्या पायांनाही भीती वाटली. मी कारखान्याकडे धावत सुटलो.

आत सगळीकडे ओल्या मूर्ती. मधून जायला पाऊलभर वाट. मी काकींच्या मागे जाऊन दडलो आणि दाराकडे बघितलं. मारायला आलेली सगळी गर्दी उंबऱ्यावर थांबली होती. समोर शेकड्यांनी गणपती, सगळे बिनडोळ्यांचे, सगळे त्यांच्याकडे तोंड करून. आणि त्या माणसांनी काय करावं? चपला काढल्या. मला हाणायला ज्यांनी चपला आधीच हातात घेतल्या होत्या, त्यांनी त्या नीट जोडीनं खाली ठेवल्या.

गर्दीपाठोपाठ आलेल्या शेंगदाणेवाल्याचा काकींनी हात धरून त्याला आत घेतलं, बसवलं, माझ्या काखेतला तांब्या ओढून, भरून त्याला पाणी पाजलं. रंगवालीनं कपाळाला फडकं बांधलं. मग काकी गर्दीकडे वळल्या.

"आलायत तर धरा."

पहिल्याच्या हातात त्यांनी फळीसकट एक ओला गणपती दिला. "ओला हाय. बोट लागलं तर कान जाईल. हलू नको." दुसऱ्याला दिला. तिसऱ्याला दिला. अण्णा आणि साचेवाला आतून फळ्या आणून देत होते, आयुष्यात पहिल्यांदाच एकजुटीनं. बघता बघता दोन्ही पक्ष हातावर गणपती घेऊन भिंतीला टेकून उभे. ज्याच्या मुठीत दगड होता त्यानं तो कुठे टाकायचा हे न कळून काकींच्याच हातात दिला, आणि काकींनी तो त्याच्या फळीखाली टेकूला लावला.

मागच्या दारानं साहेबही येऊन पोचले होते. दोन मोठ्या मूर्तींच्या मधे, गळ्यात हार, अंग चोरून. काकींनी त्यांनाही फळी दिली.

मग तांब्या माझ्या हातात ठेवला. "आता बोल."

तहान लागली होती, पण त्या दिवशी मी पाणी प्यालो नाही. खिशातून सोंड काढली. "साहेब, ही सोंड खांबाच्या अलीकडं तुटली. वर्षभर राबतात ही माणसं. रस्ता कधी व्हनार?"

एक निशाणवाला ओरडायला गेला, "मुर्दा…"

काकींच्याही दोन्ही हातांत एव्हाना फळी होती, पंजा वर करता येईना. त्या नुसत्या म्हणाल्या, "त्याचं व्हऊ दे." आणि ओरडल्यानं गणपती हलतो हे त्या माणसाच्याही ध्यानात आलं. 'बाद' त्यानं गिळला.

मी तांब्या साहेबांच्या फळीवर, मूर्तीशेजारी ठेवला. साहेबांनी घसा साफ केला. "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो…"

"बंधू सगले उबे हायत, हात भरून आलेत त्यांचे. सरळ बोल."

साहेबांनी समोरच्या मूर्तीकडे बघितलं. डोळे नसलेल्या मूर्तीकडे फार वेळ बघवत नाही. हळूच म्हणाले, "मला नाही माहीत."

कुठूनतरी नाकातून एक हसू सुटलं. ते पसरलं. पण हसायचं कसं? हसलं की फळी हलते, फळी हलली की गणपतीचा कान जातो. चाळीसएक दांडगे बाप्ये, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून, हसू दाबत उभे. साहेबांची तर सगळी मूर्ती लटलटत होती. "धर! धर!" म्हणून शेजारच्या निशाणवाल्यानं आपल्या कोपरानं ती सावरली.

तेवढ्यात पोलीस आले. फौजदारानं दारातल्या चपलांची रांग बघितली, आतली गणपतींची रांग बघितली, टोपी काढली, परत घातली. "दंगल कुठाय?"

सगळे आपापल्या गणपतीकडे बघत राहिले.

"तांब्या कोण फेकत होतं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"कुठला रे तू?"

"परभणी."

"परभणीचा? मग पेणच्या सभेत तुझं काय काम?"

मला डोळ्यांसमोर कोठडी दिसली, गावात पोचलेली बातमी दिसली, दारात बसलेली आई दिसली. मला सोडवायला येईल असं त्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हतं.

काकींनी फळी अण्णांकडे दिली आणि पंजा वर केला. "तांब्या माजा. सवाल पन माजा. मीच पाठवला याला. ज्याच्या रस्त्यानं सोंडा तुटतात, त्यानं त्या रस्त्याचं विचारायला गाव कशाला लागतं? चला, मी येतंय." संध्याकाळशिवाय कधी हात न धुणाऱ्या काकींनी भर दुपारी हात धुतले आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

अंधार पडायच्या आत परत आल्या. ठाण्यात काय झालं, विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय. दोगं एकदम तक्रार सांगत व्हते. मी म्हटलं, त्याचं व्हऊ दे, मंग तुजं. फौजदारानं चहा पाजला." मग जरा थांबून, "तांब्या ठेवून घेतला रं त्यांनी. पुरावा म्हणून."

जेवताना पुढे आम्ही प्लास्टिकचा जग फिरवला. त्याला ते वजन नव्हतं. पण मी बोलायला लागलो होतो, इतका की एकदा साचेवाला म्हणाला, "याचं पानी बंद करा."

पुढे काकींना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. लेकीनं त्यांना रोह्याला नेलं. आता कारखाना अण्णा बघतात आणि मी आखणीवर बसतो. डोळे रेखताना हात कापत नाही. एरवी कापतो.

सुट्टीला मी रोह्याला जातो. काकी खिडकीशी बसलेल्या असतात. काहीतरी सांगायला ओठ हलतात, "त्या… त्या…" आणि लेक म्हणते, "पाणी पायजे काय गो आये?" जावई म्हणतो, "पंखा, पंखा लाव." नातू म्हणतो, "टीव्ही." तिघं एकदम बोलतात. मायेनंच बोलतात. आणि काकींचा डावा हात मांडीवरून वीतभर वर उठतो आणि तसाच राहतो. तो हात मला कळतो, पण परक्या घरात मी काय बोलणार?

ठाण्यात दोनदा जाऊन आलो. खटला अजून उभाच आहे, तांब्या कोठारात आहे, निकाल लागल्यावर या, म्हणतात. येईन. पुन्हा पुन्हा येईन. काकी, तो तांब्या मी सोडवून आणणार. चिंचेनं घासून, पाणी भरून तुमच्या डाव्या हातात देणार, आणि आपण सगळे गोल बसून जेवायला घेऊ. तुम्हाला एक शब्द काढायला अख्खी दुपार लागली तरी लागू दे. मधे कुणी बोलला तर पंजा मी वर करीन.