सुभेदारांचा रिचार्ज

साताऱ्यात मी भाड्यानं राहत होते, त्या घराच्या मालकांइतका धीट माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका घाबरटही पाहिला नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अंगणात नाग निघाला तेव्हा त्यांनी तो बादलीखाली कोंडला आणि सर्पमित्र येईपर्यंत त्याच बादलीवर बसून चहा घेतला. पण मोबाइलवर 'आपल्या पॅकची मुदत संपत आली आहे' असा मेसेज आला की हाच माणूस चहा अर्धा टाकून रिचार्जच्या दुकानाकडं धावायचा. पॅक संपला की आपल्याला फोन करता येत नाही, इथवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण पुढं येणारे फोनही बंद होतात आणि तसंच राहू दिलं तर नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकतात, हे दुकानदाराकडून ऐकल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकुलता एक मुलगा सीमेवर होता. त्याला इकडून फोन लागायचा नाही. रविवारी डोंगरावरून खाली तळावर उतरला की तोच करायचा.

म्हणून एक पॅक निम्मा व्हायच्या आत काका दुसरा मारून ठेवत. पहिला संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होतो, मग एवढी घाई कशाला, असं दुकानदार विचारी. त्यावर ते म्हणत, "रिझर्व्ह पायजे." बोलणं कितीही केलं तरी चालेल असा त्यांचा पॅक, पण फार बोलल्यानं तो झिजतो अशी त्यांची पक्की समजूत. कडेगावची बहीण ऊसतोडीचं गाऱ्हाणं सांगायला लागली की हे "समजलं, ठेव," म्हणून मोकळे. मी ऑफिसला निघाले की जिन्याखाली उभे असत. "ताई, एक मिस कॉल द्या जरा." रिंग वाजली की मला जायची परवानगी मिळे.

एका रविवारी मुलाचा फोन आला नाही. सोमवारी मी मिस कॉल दिला, तो वाजला. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. माझा फोन जिन्यावरनं येतो, त्याचा हिमालयातनं यायचा, असं त्यांनी मला समजावलं. दुकानात जाऊन आणखी एक पॅक मारून आले. पुढचाही रविवार कोरडा गेला. मग सिमच जुनं झालंय असं ठरवून, दुकानदार नको म्हणत असताना, ते बदलून आणलं. जुनं लगेच बंद पडलं आणि नवं सुरू व्हायला काही तास लागतील, असं कळलं. आता पोराचा फोन नेमका एवढ्यात आला तर? काका ओसरीवर मुका फोन मांडीवर घेऊन बसले. चहा निवला, जेवणाचं ताट तसंच परत गेलं. एरवी मला त्यांचं हसू यायचं. त्या दिवशी माझ्याच्यानंही ऑफिसला जाववलं नाही. मी पायरीवर बसून राहिले.

काकू शेंगा फोडत होत्या. इतक्या दिवसांत त्या फोनबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आवं, फोनला काय बी झालं न्हाई. तुमी फौजेत हुता तवा तुमचं बी महिना महिना पत्र यायचं न्हाई. म्हणून मी काय पोस्टमन बदलून आणला न्हाई."

काकांनी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तवा तुला काय वाटायचं गं?"

"आता तुमास्नी वाटतंय, त्येच."

उन्हं कलता कलता सिम सुरू झालं. पहिला आला तो कंपनीचा मेसेज. मुलाचा फोन बुधवारी आला, काही ध्यानीमनी नसताना. बर्फानं वाट बंद झाली होती, म्हणून तो खाली उतरला नव्हता. काकांनी "जेवतोस न्हवं?" एवढंच विचारलं आणि फोन काकूंच्या हातात दिला.

संध्याकाळी कपडे काढायला मी गॅलरीत आले तेव्हा दोघं ओसरीवर बसली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांचं काका विचारत होते: पाणी कुठनं आणायचीस, पोर तापानं फणफणलं तवा कुणाला हाक मारलीस. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलंच नसावं. काकू आठवून आठवून सांगत होत्या, मध्येच हसत होत्या, मध्येच थांबत होत्या. दिवा लावायची वेळ टळून गेली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.