छबूबाईंचं हरवलेलं नाक

छबूबाई औटींचं नाक पारनेरच्या आसपासच्या चार वाड्यांत ठाऊक होतं. पावसाळी दमट हवेत कांदा साठवायच्या जाळीदार चाळीत एखादा कांदा सडू लागला, की त्याचा वास ढिगातल्या फटीफटीतून पसरत बाहेर येतो. वारा पडलेला असला तरी येतो. इतरांना तो कळेपर्यंत निम्मी चाळ गेलेली असायची. छबूबाई मात्र सकाळी जाळीच्या कडेनं चालत जात, मधेच थांबून म्हणत, "हितं उकरा." तिथं मऊ पडलेला कांदा निघायचाच.

कोरोनाचा ताप तीन दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्या पावसाळ्यात शेजारच्या सहादेवनं बोलावलं, तेव्हा चाळीला दोन फेऱ्या मारून त्या म्हणाल्या, "न्हाई बा, मला काय बी कळंना." पंधरा दिवसांत त्याचे दोन कप्पे सडले.  तेव्हापासून छबूबाईंनी त्या वाटेनं जाणंच सोडलं.

सून रुपाली शहरात, सावेडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. दिवाळीत आली तेव्हा तिनं सासूपुढं चार डब्या मांडल्या. लवंग, ओवा, लिंबाची साल, गुलाबाच्या पाकळ्या.

"आत्या, वासाचे कण हवेत आपोआप पसरतात. ते तुमच्या नाकापर्यंत येतायत, पण नाक त्यांना ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज दोनदा हुंगायचं."

"किती दिस?"

"ते नाही सांगता यायचं."

छबूबाई हुंगत राहिल्या. कधी वैतागून डब्या लोटून उठायच्या, संध्याकाळी पुन्हा बसायच्या. होळीच्या सुमारास ओव्याचा वास पुसटसा आला आणि दुसऱ्या दिवशी गायब झाला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

श्रावणात सहादेवच्या घरी पूजेला जावंच लागलं. चाळीजवळून जाताना त्यांचे पाय थांबले.

"सहादेव, जरा हितं उकर बरं."

त्यानं कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. आणखी खाली गेला, तेव्हा तीन कांदे निघाले, काळं पाणी सुटलेले. छबूबाईंनी एक हातात घेऊन नाकाशी धरला.

"लई घाण येतीया," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

त्याच दिवशी कप्पा उपसून कांदा निवडला. बाकीचा सगळा वाचला. आठवड्याभरात पलीकडच्या वाडीतल्या मच्छिंद्रच्या चाळीवरून निरोप आला. या खेपेला छबूबाई एकट्या गेल्या नाहीत. सहादेवच्या बायकोला, आरतीला, त्यांनी बरोबर घेतलं.

"डोळं मिट," त्या तिला म्हणाल्या, "आन् वास घेत सावकाश चाल."