शैलाताईंचे पाठकोरे कागद

आमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बातम्या चढवायची यंत्रणा सोमवारी बदलली आणि ऑफिसात कुरकुर सुरू झाली. ‘जुनंच बरं होतं,’ शैलाताई म्हणाल्या. खरं तर जुनी यंत्रणा मधेच बंद पडून लिहिलेलं सगळं गिळून टाकायची. म्हणून ताई बारा वर्षं प्रत्येक बातमी आधी पाठकोऱ्या कागदावर लिहीत आणि मग टाइप करत. बदलाचा हट्ट माझा होता.

आज भरदुपारी लाइट गेली. ताईंनी सवयीने कागद चाचपले, पण आज घाईत त्यांनी बातमी थेट टाइप केली होती. त्यांचा चेहरा उतरला. लाइट आली, तेव्हा पडद्यावर सगळी बातमी शाबूत होती, अगदी अर्ध्या राहिलेल्या शब्दापर्यंत. ताईंनी तो शब्द पुरा केला.

भरवसा सांगून कुणाला पटत नाही. तो बोटांना पटावा लागतो, आणि बोटं फार हट्टी असतात.

संध्याकाळी तो कागदांचा गठ्ठा चहाच्या किटलीखाली दिसला. माझा कप भरत ताई म्हणाल्या, ‘आता हे मात्र बदलू नका.’