सात पिढ्यांची साक्ष

“कझिन मॅरेज असणार,” ग्रेग म्हणाला आणि पेशंटच्या घरच्यांना न विचारताच त्याने फॉर्मवर टिक केलं. ग्रेग म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या क्लिनिकचा डायरेक्टर. मी तिथे जेनेटिक काउन्सेलर. घराण्यात आजार कसा उतरतो ते शोधायचं आणि लोकांना समजावायचं, हे माझं काम.

पेशंट सहा महिन्यांची मुलगी. सारख्या फिट्स यायच्या. बाप नुरलान, मूळचा किर्गिझ, ट्रक चालवतो. आई पुन्हा प्रेग्नंट. दीडशहाण्या ग्रेगने तिला सांगूनही टाकलं, की तुम्ही नवरा-बायको एकाच रक्ताचे, दोघांत तोच बिघाड, पुढच्या बाळालाही चारात एक धोका. बाई पांढरीफटक पडली.

“आधार काय?” मी विचारलं.

“सेंट्रल एशिया! रिसर्च पेपर आहे ना.”

पेपर उघडला तर उझबेकांवरचा. कपाळ माझं! दोघांच्या भाषा तुर्की कुळातल्या, म्हणून रिवाजही एकच? उझबेक पिढ्यान्‌पिढ्या शेती-बाजारपेठेत स्थिरावलेले, किर्गिझ डोंगरातले मेंढपाळ. पण नकाशावर शेजारी दिसले की ग्रेगला पुरतं.

नुरलानचे वडील सोबत आले होते. मुलाने सगळं समजावल्यावर म्हातारा ताडकन उठला. “आमचे पूर्वज सैबेरियातले, येनिसेय नदीकाठचे,” तो म्हणाला. नुरलान भाषांतर करत होता. “तिथून तियान शानच्या डोंगरांत आले. सारखं फिरणारी माणसं आम्ही, वह्या कुठे सांभाळणार? नावं पाठ केली.” बोटांवर मोजत त्याने सात पूर्वजांची नावं सांगितली. मग सुनेने रडत रडत आपल्या माहेरची सात सांगितली. एकही नाव सारखं नाही. सात पिढ्यांत नातं निघालं तर त्यांच्यात सोयरीकच होत नाही.

मी ग्रेगला गाठलं. “ट्रायो टेस्ट करू.” म्हणजे आई, बाप आणि मूल, तिघांचे जीन्स एकत्र तपासायचे.

“वेस्ट ऑफ टाइम.”

“मग या रिपोर्टवर माझी सही नाही.”

नाक मुरडत त्याने ऑर्डर टाकली.

आई-बापात तो बिघाड नव्हताच. मुलीतच नव्याने झालेला. पुढच्या बाळाला धोका जवळजवळ नाही. हे सांगितलं तेव्हा आईने माझे हात घट्ट धरले आणि सोडेचना. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?

ग्रेगला सॉरी म्हणायचं सुचलं नाही. “इंटरेस्टिंग केस,” म्हणाला. “बाय द वे, तुमच्या इंडियन लोकांत कझिन मॅरेज नसतं ना?”

“माझे आजी-आजोबा आतेमामे भावंडं,” मी म्हणाले. “आमच्याकडे मामाची मुलगी चालते.”

इथे आठ वर्षं काम करतेय, मला कधी कुणी विचारलं नव्हतं. टिक करण्याआधी विचारावं. विचारायला मशीन लागत नाही, तोंड लागतं.