गावडे सरांचा ऑफ

स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात, तर माडाखाली वाळकी चुडतं साठतात तसे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण एक दिवस बघावं तर हा ढीग! मालवणजवळच्या आमच्या शाळेत त्या निम्म्या ढिगाला एकच शब्द जबाबदार. ऑफ! मी गणिताची बाई, इंग्रजीशी माझं पहिल्यापासून वाकडं. पण हा एक शब्द गावडे सरांमुळे असा काही पाठ झालाय की काय सांगू!

गावडे सर इंग्रजी शिकवायचे. शाळेत कोणीही निवृत्त झालं की निरोपाचं भाषण त्यांचंच. त्यांची स्वतःची इच्छाही तेवढीच. म्हणायचे, "शमीम बाई, तीस वर्षां दुसऱ्यांचा कौतुक करतंय. आता माका माझो सेंडऑफ होयो. खुर्चेर बसान ऐकतलंय, तुमी माझ्याबद्दल काय काय खोटा बोलतास ता!"

*

आमच्याकडे ऑफ म्हणजे मुख्यतः मोकळा तास. स्टाफरूमबाहेर एक छोटा फळा होता. कोण गैरहजर आहे ते शिपाई बाबी त्यावर खडूने लिहायचा, 'अमुक सर – ऑफ'. सकाळी दप्तर ठेवायच्या आधी पोरं त्या फळ्याचं दर्शन घ्यायची. माझं नाव दिसलं तर टाळ्या वाजवायची, मेली!

*

पाचवीच्या प्रवेशाचे फॉर्म भरत होते. एका मुलीला विचारलं, "बाबा काय करतात गं?"

"ऑफ आसत."

"म्हणजे?"

"जूनात ऑफ होतत, आक्टोबरात ऑन होतत!"

तिच्या बाबांची पर्यटकांना फिरवायची होडी. पावसाळ्यात ऑफ सीझन! व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणून मी पेन चावत बसले, तर मागून गावडे सर म्हणाले, "बाई, लिवा, 'स्विच'!"

*

शिक्षक विरुद्ध दहावी, अशी क्रिकेटची मॅच. गावडे सर पंच. यासीन बॅटिंगला होता आणि पोराला एक चेंडू लागेल तर शपथ! पंचाने गप्प राहायचं असतं, पण सरांना राहवेना. ओरडले, "अरे, ऑफ साईडीक मार!"

यासीनने डोळे मिटून जो हाणला, तो थेट ऑफिसची काच फोडून आत.

"कसो मारलंस रे तो?"

"सर, तुमीच सांगितल्यात, ऑफिस साईडीक मार!"

*

स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी ऑफ व्हाईट कापड हवं होतं. बाबीला सावंतवाडीच्या बाजारात पाठवलं. संध्याकाळी घामाघूम होऊन आला. पिशवीत अर्धं कापड पांढरंशुभ्र आणि अर्धं पोपटी!

"बाबी, हे काय?"

"बाई, तुमी हाफ व्हाईट सांगितल्यात. उरलेलो हाफ माझ्या पसंतीन घेतलंय!"

त्या वर्षीचं सगळं नाटक आम्ही अर्ध्या पोपटी पडद्यापुढे केलं.

*

मग नवे मुख्याध्यापक आले, घाटावरचे. सज्जन माणूस. पण त्यांच्याकडे माणूस 'ऑफ झाला' म्हणजे वारलाच. एका सकाळी त्यांनी बाबीला विचारलं, "गावडे सर दिसत नाहीत?"

"सर ऑफ आसत."

"काय सांगतोस! कधी?"

"आज सकाळीच गेले. सावंतवाडीक."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "असे अचानक?"

"अचानक खंय? चार दिवस आधीच सांगान ठेवलेल्यानी!"

साहेबांनी हात जोडले. "पुण्यवान माणूस!"

घंटा झाली, मैदानात रांगा लागल्या. साहेब सरांबद्दल इतकं सुंदर बोलले की मी ओढणी तोंडात कोंबून रडायला लागले. भाषण चालू असतानाच गावडे सर चष्म्याचा नंबर तपासून मिळाली त्या एसटीने परत आले. काहीतरी गंभीर दिसतंय म्हणून चपला काढून शेवटच्या रांगेत मान खाली घालून उभे राहिले. सगळं नीट ऐकलं. मग शेजारच्या पोराला हळूच विचारलं, "बरो माणूस होतो दिसता. कोण गेलो रे?"

"तुमीच, सर!"

*

त्या दिवसापासून साहेबांनी नियमच केला. जिवंत शिक्षकापुढे 'ऑफ' लिहायचं नाही. 'रजेवर' लिहा, नाहीतर 'उशिरा येणार'. गावडे सर मात्र खूश. म्हणाले, "शोकसभा झाली, आता सेंडऑफ तेवढो रवलो!"

तो तेवढाच राहिला. पुढच्याच वर्षी, ऐन निवृत्तीच्या तोंडावर, सरांचं दुखणं निघालं. गोव्याच्या हॉस्पिटलात खेपा सुरू झाल्या. तरी सेंडऑफचा शनिवार ठरला, सरांनी त्यासाठी नवा शर्ट शिवून घेतला. बाबीला मुद्दाम सांगितलं, "हाफ व्हाईट हां, पोपटी नाय!" मी भेटायला गेले तर पलंगावरून माझ्यावरच डाफरले. "बाई, भाषण लिवल्यात? बघा हां, माका सेंडऑफ होयो, ऑफ नको!"

"लिहिलंय सर," मी म्हटलं. साफ खोटं. कागद पुढे घेतला की रडूच यायचं, लिहिणार काय कपाळ!

सेंडऑफला आठ दिवस असताना सर गेले. या वेळी सावंतवाडीला नव्हे.

ठरलेला शनिवार उजाडला. बाबीने हॉल तरीही झाडून ठेवला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. नव्या सरांची नेमणूक झाली नव्हती, त्यामुळे पहिला इंग्रजीचा तास रिकामा. बाबी खडू घेऊन फळ्यासमोर नुसता उभा होता. मुख्याध्यापक बाहेर आले. त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "लिही बाबी. आता ऑफ लिहिलंस तरी चालेल."

बाबीने डोळे पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिहिलं, 'गावडे सर – उशिरा येणार'.

साहेबांनी ते वाचलं आणि पहिल्या तासाची घंटा स्वतः जाऊन दिली.