चौदा जणींचा एक नंबर

महेंद्र भिंगारदिवे हुशार होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. आमच्या शेठला हुशारीतलं काही कळायचं नाही, काम कधी हातात पडणार एवढंच कळायचं. आणि मला, विजयमालाला, टायपिंग सोडून काही यायचं नाही. नगरला माळीवाड्याजवळ शेठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. लोकांचे अर्ज बघून माहिती मी भरायची आणि महेंद्रनं त्यावरून पत्रं काढायची, अशी आमची वाटणी. साल सत्त्याण्णव.

त्याचं मशीन पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेलं. चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसता काळा पडदा. तो एक ओळ टाइप करायचा, एंटर मारायचा, की झालं काम. पत्राचा मजकूर एकदाच लिहायचा, नाव, पत्ता, तारखेच्या जागी खुणा ठेवायच्या, मग यादीतली नावं आपसूक त्या खुणांवर जाऊन बसायची. हजार पत्रं चहा निवायच्या आत तयार. ही आज्ञा ओळी क्रमानं लावते, ही शोधते, ही बदलते, असं मला समजावायचा. सॉर्ट, ग्रेप, सेड. मी म्हणायचे, ही काय कुत्र्यांची नावं आहेत का? तर हसायचा नाही. कामाची थट्टा त्याला खपत नसे. शिष्ट मेला.

तो मूळचा खर्ड्याचा. बौद्ध वस्तीत घर, घरात आई रंगुबाई आणि मोठी बहीण अश्विनी. नवऱ्यानं टाकल्यावर अश्विनी माहेरी आली, शिवणाचं मशीन घेऊन बसली, आणि त्याच मशीनवर तिनं भावाला नगरला शिकायला ठेवलं. स्वतः बाहेरून बी.ए. झाली. दहा वर्षं अर्ज करत होती, कुठंच लागली नाही. आता एका शिक्षण संस्थेला मुलींच्या वसतिगृहांसाठी अधीक्षिका हव्या होत्या. वयाची अट तेहतीस, आणि अश्विनीला जूनमध्ये तेहतीस पुरी होत होती. ही संधी गेली की संपलं, हे तिला माहीत होतं, महेंद्रला माहीत होतं, आणि रोज त्याच्या शेजारी बसून मलाही पाठ झालं होतं.

ते अर्ज आमच्याच दुकानात आले. तीन हजारांच्या वर. बायकांनी दोन-दोन अर्ज केलेले, एक माहेरच्या नावानं, एक सासरच्या. एक गहाळ झाला तर दुसरा असावा म्हणून. संस्थेनं शेठला बजावलं, एकीला मुलाखतीची दोन पत्रं गेलेली चालणार नाहीत. शेठनं ते महेंद्रच्या गळ्यात टाकलं.

नावावरून जोडी जुळेना. मग त्यानं डोकं लावलं. बाईचं नाव बदलतं, पण फोन तोच राहतो. म्हणून यादी फोन नंबरावर लावायची आणि एका नंबराची एकच ओळ ठेवायची. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांची त्यानं आधीच वेगळी यादी केली, नाहीतर कोऱ्या नंबरावर त्या सगळ्या मिळून एक झाल्या असत्या. एवढा बारीक विचार करणारा माणूस! नगर शहराचे अर्ज घेऊन ताडून बघितलं. सगळ्या जोड्या बरोबर निघाल्या. त्या दिवशी त्यानं मला स्वतःहून चहा पाजला.

अर्ज भरताना मी त्याला एकदा विचारलं होतं. खेड्यातल्या अर्जांवर नंबरापुढं पी.पी. लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन आपला नाही, शेजाऱ्याचा, तिथं निरोप ठेवा. ते पी.पी. टाइप करू का, म्हटलं. तो म्हणाला, नको, नुसते आकडे भर. मी भरले. त्यानं स्वतःच्या प्रत्येक अर्जावर जन्मभर पी.पी. लिहिलं होतं. कसं सुचलं नाही? मलाही कसं सुचलं नाही?

पत्रं निघाली तेव्हा मी म्हटलं, बहिणीचं तेवढं बघून घे की, एक ओळ तर टाइप करायची. तर माझ्यावर भडकला. आपल्या माणसाचं नाव आपण शोधायचं नाही, उद्या कुणी म्हणेल भिंगारदिव्यानं आपल्या घरचं बघितलं. पत्रं पोस्टात गेली, एप्रिलमध्ये मुलाखती झाल्या, मेमध्ये नेमणुकाही झाल्या.

बुद्धपौर्णिमेला तो घरी गेला आणि बहिणीला विचारलं, मुलाखत कशी झाली? ती म्हणाली, कसली मुलाखत?

परत आला तो थेट मशीनवर बसला. खर्ड्याच्या पुंजाराम किराणावाल्याचा नंबर टाइप केला. सगळ्या वस्तीचा निरोप त्याच फोनवर यायचा. मूळ यादीत चौदा ओळी निघाल्या, चौदा वेगळ्या बायका, त्यात अश्विनी. पत्रांच्या यादीत एकच ओळ. वृषाली, पुंजारामचीच मुलगी. घरात फोन, घरात वर्तमानपत्र, तिचा अर्ज सगळ्यांच्या आधी आला म्हणून तिची ओळ पहिली. बाकीच्या तेरा त्या एका आज्ञेनं पुसल्या. जिल्ह्यात अशा किती वस्त्या, किती किराणा दुकानं!

शेठ म्हणाला, तोंड उघडशील तर उद्यापासून येऊ नकोस. महेंद्र तरी संस्थेत गेला. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जागा भरल्या म्हणून सांगितलं. वयात सूट देता येईल का, असंही यानं विचारलं. त्यावर कारकून फाईल बांधायला लागला.

अश्विनीला सांगायला तो निघाला तेव्हा मीही बरोबर गेले. आकडे माझ्याच हातचे होते. ती मशीनवर झबलं शिवत होती. महेंद्र उभ्यानंच बोलला, एकदम, सगळं. रंगुबाईला काही समजलं नाही. ती मला पाणी देत होती.

अश्विनीनं पायडल थांबवलं. म्हणाली, "आमी तर म्हनत हुतो, फोनवाल्याच्या पोरीला बोलावनं आलं, आपली नावं आडनाव बघून काढली. नेहमीचंच हाय."

"न्हाई ताई. मी काढली."

तिनं झबलं मशीनवरून काढून मांडीवर ठेवलं. मग हळू म्हणाली, "त्यांनी केलं म्हनून सोसलं हुतं रे. आता कुनाला शिव्या देऊ?"

वस्तीत हे कुणाला सांगू नको, एवढंच तिनं वर बजावलं. त्याच्याकडं बघून चार पोरं कॉम्प्युटर शिकायला निघाली होती. मग तिनं सुईत दोरा ओवला आणि पुन्हा शिवायला लागली.

त्यानंतर महेंद्र प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचायला लागला. चहा निवायच्या आत होणाऱ्या कामाला चार दिवस लागायला लागले. शेठनं त्याच्या जागी दुसरा माणूस आणला आणि याला माझ्या शेजारी अर्ज भरायला बसवलं. काढलं नाही, कारण पी.पी. टाइप करायला आता दोन माणसं लागत होती.

पुढच्या वर्षी त्याच संस्थेचे अर्ज परत आले. सगळे भरून झाल्यावर महेंद्र उठला, त्या काळ्या पडद्यापुढं उभा राहिला आणि बहिणीचं नाव टाइप केलं. तिचं वय उलटून वर्ष झालं होतं, तिनं अर्जच केला नव्हता. पडदा कोरा राहिला. त्यानं नाव पुन्हा एकदा टाइप केलं.